घोळणा फुटला तो दिवस

जी गोष्ट मी पत्नीपासून, मुलीपासून आणि डॉक्टरांपासून लपवून ठेवली, ती आधी सांगून टाकतो. कारण ती मागे ठेवून देवाच्या कृपेविषयी लिहिणे म्हणजे पुन्हा तीच लबाडी करणे होईल. माझ्या मुलीला, नलूला, जो आजार झाला, तो माझ्या घराण्यातून आला होता. माझ्या वडिलांना तो होता. त्याची खूण मलाही लहानपणापासून होती. मुलीच्या अंगावर ती खूण उमटताना मी पाहिली, ओळखली आणि गप्प राहिलो. घरातली माणसे त्या आजाराचा दोष माझ्या पत्नीच्या माहेराला देत राहिली, आणि मी तो दोष तिथेच राहू दिला.

आम्ही मूळचे पिंपळे गुरवचे. वडील शेती करीत. त्यांचा वरचेवर घोळणा फुटे. औत चालवता चालवता नाकातून रक्ताची धार लागे, मग ते बैल उभे करून बांधावर मान मागे टाकून बसत. आई दूर्वा ठेचून त्यांचा रस नाकात पिळी, टाळूवर गार पाणी थापी आणि म्हणे, “उष्णता हाय अंगात.” वडिलांच्या ओठांवर आणि जिभेवर तांबडे बारीक ठिपके होते. बोटांची टोके फुगीर आणि नखे जांभळी असत. शेतकऱ्याचे हात असेच असतात, असे मला वाटे. ऐन उमेदीत त्यांच्या डोक्यात गाठ झाली आणि तापाच्या ग्लानीत ते गेले. माझाही घोळणा शाळेत असल्यापासून फुटत आला आहे. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा आईने मला परसात नेऊन बजावले, “तुझ्या बापाचं आन् तुझ्या नाकाचं कुणापाशी काढू नगंस. पोरगी द्यायची न्हाईत.” मी काढले नाही. लग्नानंतर पत्नीने माझे रक्त पाहिले, तेव्हा मीही तिला उष्णताच सांगितली. तिने विश्वास ठेवला आणि पुढे माझ्यासाठी दूर्वा तीच ठेचू लागली. वडिलांच्या नखांविषयी आणि त्यांच्या शेवटाविषयी मात्र मी तिला कधी सांगितले नाही.

शिकून मी भोसरीच्या बाजूला औषधांच्या एका कंपनीत लागलो. इंजेक्शनच्या भरलेल्या कुप्या तपासण्याचे काम माझ्या देखरेखीखाली चाले. दिव्याच्या उजेडात, काळ्या पाटीसमोर कुपी धरायची, हलकेच उलटी करायची आणि आत एखादा तंतू, एखादा कण तरंगतो आहे का ते पाहायचे. माझ्या नजरेतून कण सुटत नाही, अशी माझी ख्याती होती. या ख्यातीचा मला अभिमान होता. आज तो आठवला की माझी मान खाली जाते.

नलू मॅट्रिकच्या वर्गात गेली त्या सुमारास तिला दम लागू लागला. विशेष म्हणजे बसली किंवा उभी राहिली की तिला अधिक धाप लागे आणि आडवी झाली की बरे वाटे. आई म्हणे, “लोळायची सवय लागली हाय पोरीला.” एका दुपारी ती माझ्यासमोर चहाची कपबशी ठेवत होती. माझी दृष्टी तिच्या बोटांवर गेली. फुगीर टोके, जांभळी नखे. माझ्या वडिलांची बोटे तिच्या हाताला होती. मी कपबशी उचलली आणि चहा प्यालो.

जवळच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढवला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या अंगाला सावली होती. त्यांनी विचारले, “घरात कुणाला छातीचं दुखणं होतं का?”

“हिच्या मामाला क्षय झाला होता,” मी म्हणालो.

हे खरे होते. माझा मेव्हणा दापोडीला राहतो, तेथील एका वर्कशॉपमध्ये काम करतो. तरुणपणी त्याला क्षय झाला होता आणि नलूचा जन्म होण्यापूर्वीच तो खडखडीत बरा झाला होता.

“आणि तुमच्याकडे?”

“आमच्याकडे काही नाही.”

पत्नी शेजारी मान खाली घालून बसली होती. थुंकीत जंतू सापडले नाहीत, पुन्हा तपासली तरी सापडले नाहीत. पण सावली होती आणि मामा होता. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. माझ्या तोंडून जे निघाले त्यावरूनच त्यांनी निदान केले. क्षयाची इंजेक्शने सुरू झाली. तसल्याच कुप्या मी रोज उजेडासमोर धरत होतो.

घरात नलूचे ताट-वाटी वेगळे झाले. आई येता-जाता पत्नीला ऐकवी, “माहेरनं काय आणलंस, तर ह्यो रोग.” पत्नी उत्तर देत नसे. एका रविवारी मेव्हणा भाचीला पाहायला आला. येताना त्याने तिच्यासाठी चिंचा-बोरे आणि एक हिरवी ओढणी आणली होती. आईने त्याला ओट्यावरच बसवले आणि कान तुटलेल्या कपात चहा पाठवला.

तो हसत मला म्हणाला, “दाजी, आमच्या वर्कशॉपात असले कप भंगारात टाकतात. तुमच्याकडं पाव्हण्याला देतात व्हय?”

आई आतून म्हणाली, “आमी बी टाकणारच हाये. तू पिऊन झाल्यावर.”

त्याचे हसणे गेले. त्याने चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः परसातल्या हौदावर नेऊन धुतला, ओट्याच्या कडेला पालथा घातला आणि बहिणीला न भेटताच निघाला. पत्नी दाराच्या आत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत होतो. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

इंजेक्शने देताना डॉक्टरांनी बजावले होते की मुलीच्या कानात काही आवाज येऊ लागला, तर ताबडतोब कळवा. काही आठवड्यांनी नलू मला म्हणाली, “अप्पा, कानात सारखी शिट्टी वाजतीये. कंपनीचा भोंगा झाल्यासारखी.” हे तिने मला सांगितले, मी डॉक्टरांना सांगितले नाही. इंजेक्शने थांबली असती तर मग हे दुखणे आहे तरी काय, असा प्रश्न आला असता आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता. त्या शोधाची मला भीती होती. मी तिला म्हणालो, “अशक्तपणा आहे, जाईल.” शिट्टी पुढे थांबली. तिच्याबरोबर पुष्कळ काही थांबले. हाक मारली तरी ती वळेना. तिचे लक्ष नसते, असे मी लोकांना सांगू लागलो.

मी देवभक्त माणूस आहे, असे सारे म्हणत आणि मीही तसेच समजत असे. दर संकष्टीला चिंचवडच्या मंगलमूर्तीला अनवाणी जायचे, पवनेच्या घाटावर पाय धुवायचे, देवाला दूर्वांची जुडी वाहायची, असा माझा नेम होता. त्या दिवसांत मी काय मागत होतो, हे आज लिहिताना हात अडतो. मुलीला बरे कर, असे मी मागत होतो. पण त्या मागणीच्या पोटात दुसरी मागणी होती. मला काही बोलावे लागू नये आणि ती बरी व्हावी. देवाशी मी असा करार करत होतो. त्यात मुलीचा जीव एका पारड्यात होता आणि दुसऱ्यात माझी अब्रू. देव मूर्ख नाही. पण त्याला काय वाटत असेल, याचा विचारही मी केला नाही.

इंजेक्शनांचा काही उपयोग होत नव्हता. ओठ निळे पडू लागले. एकदा ती शाळेतून येताना रस्त्यातच कोसळली. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवले. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. मी भल्या सकाळी चिंचवडला जाऊन आलो. गाभाऱ्यासमोर हात जोडून मी अगदी स्पष्ट शब्दांत म्हणालो, “आज ते काही विचारणार नाहीत, एवढं बघ.” मग पत्नीला आणि नलूला घेऊन बसने पुण्याला गेलो. उपास होता, ऊन कडक होते.

तिथले नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी एक वयस्क डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना पूर्वी कधी पाहिले नव्हते. बोलणे तुटक, पण हात मायेचा. त्यांनी नलूला जवळ घेतले, नखे पाहिली, तोंड उघडायला लावले आणि जिभेवर बोट ठेवून काही वेळ पाहत राहिल्या. मग तिच्या पाठीला, उजव्या बाजूला खाली, नळी लावली. “मोठा श्वास घे. तसाच धरून ठेव.” नलूला ऐकू गेले नाही. पत्नीने खूण करून सांगितले.

“ऐकू येत नाही का हिला?”

“लक्ष नसतं हिचं,” मी म्हणालो.

बाईंनी पुन्हा नळी लावली. त्या बराच वेळ ऐकत होत्या. “आत घुईघुई होतंय,” त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या. “श्वास घेतला की वाढतंय.” आणि मग, “हिचा घोळणा फुटतो ना?”

“अधूनमधून. उष्णतेनं,” पत्नी म्हणाली.

“घरात आणखी कुणाचा फुटतो?”

 माझ्याविषयी परक्यांसमोर पत्नी माझ्या आधी बोलत नसे. तिने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिले. मी डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, “नाही. कुणाचा नाही.”

वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि वरच्या ओठावर काही कोमट लागले. मी घाम समजून पुसले. हात लाल झाला. मग एकदम धारच लागली. संकष्टीसाठी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर, मांडीवर, बाईंच्या टेबलावर रक्त पडले. एवढे रक्त माझ्या नाकातून त्याआधी कधी वाहिले नव्हते.

उपास, ऊन, बसचा प्रवास, मनावरचा ताण. कारणे पुष्कळ सांगता येतील आणि ती खरीही असतील. मी त्यावर वाद घालत नाही. सकाळी मी काय मागितले होते आणि त्याला कोणते उत्तर मिळाले, एवढेच मला ठाऊक आहे.

“मान मागे नका टाकू. पुढे वाका. नाक चिमटीत धरा,” बाई म्हणाल्या. रक्त थोडे आवरल्यावर त्यांनी बॅटरी उचलली. “आता जीभ दाखवा.” त्यांनी माझी जीभ पाहिली, ओठ पाहिले. “हेच ठिपके. तुमचे वडील?”

मी सांगितले. नाक धरून, घोगऱ्या आवाजात, सगळे सांगितले. बांधावर बसलेले वडील, त्यांची नखे, डोक्यातली गाठ, आईचे परसातले बोलणे. पत्नी आपल्या हातरुमालाने माझा सदरा टिपत होती. मी नखांपर्यंत आलो, तेव्हा तिने तो रुमाल माझ्या हातात दिला आणि उठून नलूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाच्या काचेवर लावला. “हा क्षय नाही. ही गोल सावली बघा. तिच्यातून हे दोन दोर फुफ्फुसाच्या मुळाकडे जातायत, दिसतात? या रक्तवाहिन्या आहेत. अशुद्ध रक्त फुफ्फुसात येतं, बारीक बारीक वाहिन्यांतून फिरतं, हवा घेतं आणि शुद्ध होऊन परत जातं. हिच्याकडे या जागी आणणारी वाहिनी सरळ नेणारीला जोडली गेलीय. मधली चाळण नाहीच. तेवढं रक्त हवा न घेताच परत फिरतं. घाणही तशीच पुढे जाते, डोक्यापर्यंत.” त्या माझ्याकडे वळल्या. “तुमच्या वडिलांना तेच झालं असणार. हे घराण्यात चालत येतं.”

दोर स्पष्ट दिसत होते. तो फोटो मी घरी कितीदा तरी खिडकीसमोर धरून पाहिला होता.

“आणि इंजेक्शनं?” पत्नीने विचारले.

“आज बंद.” बाईंनी नलूच्या कानामागे टाळी वाजवली. ती वळली नाही. “हे आता परत यायचं नाही. तुम्ही हे आधी सांगितलं असतंत, तर ती टोचलीच गेली नसती.” त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

त्यांनीच मुंबईच्या एका रुग्णालयात सोय करून दिली. परतताना बसथांब्यावर मी पत्नीला म्हणालो, “घरी इतक्यात काही बोलू नकोस. आईला सोसायचं नाही.”

ती म्हणाली, “मी कधी बोलले?”

वाचणाऱ्याला वाटेल की रक्ताच्या त्या धारेने माझे पाप धुऊन निघाले. तसे झाले नाही. देवाने मला तोंडघशी पाडले होते, तरी उठून मी पुन्हा कपडेच झटकत होतो. घरी मी एवढेच सांगितले की निदान बदलले आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. आई म्हणाली, “मामाचा रोग लई खोल गेला म्हणायचा.” मी गप्प बसलो.

मुंबईला नलूच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयातून पार फुफ्फुसाच्या वाहिनीपर्यंत नेली, तीतून औषध सोडले आणि भराभर फोटो काढले. ते फोटो डॉक्टरांनी मला दाखवले. बाकीच्या फुफ्फुसात वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक होत गेल्या होत्या. त्या एकाच जागी मात्र जाड वेटोळ्यांचा घडासारखा गुंता होता. तो भाग कापून काढणे हाच उपाय होता. माझ्याही छातीचा फोटो काढला. त्यात काही निघाले नाही. माझ्या वाट्याला फक्त नाकातले रक्त आले होते.

शस्त्रक्रियेसाठी रक्ताची सोय नातेवाइकांनी करायची होती. माझे घेणार नव्हते. गावातल्या भाऊबंदांनी क्षयाचे नाव ऐकून अंग काढून घेतले होते, आणि हा क्षय नाही हे त्यांना सांगायचे, तर मग काय आहे तेही सांगावे लागले असते. मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून होतो. त्या दिवशी मात्र मी करार केला नाही. हात जोडून म्हणालो, “तुला हवं ते कर. मला काही सुचत नाही.” आयुष्यातली माझी पहिली खरी प्रार्थना तीच असावी. काही वेळाने जिन्यावर पावले वाजली. मेव्हणा वर्कशॉपमधले आपले सोबती घेऊन आला होता. बहिणीने त्याला निरोप धाडला होता, तो मला न विचारता. जुन्या दुखण्यामुळे त्याचे स्वतःचे रक्त चालणार नव्हते, म्हणून तो दुसऱ्यांचे घेऊन आला.

“दाजी, ही माझी माणसं. ग्रीस लागलेली हायेत, पण रक्त साफ हाय,” तो म्हणाला. त्याने घरातल्या कपाचा विषय काढला नाही. मी त्याच्या पाया पडायला हवे होते. मी म्हणालो, “चहा घेता का, भाऊसाहेब?”

नलू वाचली. शुद्धीवर आल्यावर तिचे ओठ पाहिले, तेव्हा मला कळले की तिच्या ओठांचा खरा रंग मी विसरूनच गेलो होतो. त्या दिवसापासून आजपर्यंत मी देवाजवळ काही मागितलेले नाही. संकष्टीला जातो, दूर्वा वाहतो आणि उभा राहतो. माझी मागणी त्याने त्या संकष्टीला नाकारली, म्हणून माझी मुलगी श्वास घेते आहे. शरण जाणे म्हणजे देवावर भार टाकून आपण मोकळे होणे, असे मी समजत होतो. आता वाटते की जे लपवण्यासाठी आपण देवाच्या मागे दडतो, ते त्याने उघडे केले तर ते उघडे राहू देणे, एवढेच माणसाच्या हाती असते. माझ्याकडून तेही लगेच झाले नाही.

ते झाले नलू घरी आली त्या दिवशी. मेव्हण्यानेच तिला आणि बहिणीला टॅक्सीने आणले. आळीतली माणसे ओट्यांवर जमली होती. आईने दारात नलूवरून भाकरतुकडा ओवाळला, आणि मग मेव्हण्याकडे पाहून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, “देवानं तारलं बाई. मामाची पीडा गेली एकदाची.” मेव्हणा टॅक्सीतून पिशव्या काढत होता. तो तसाच वाकून राहिला. पत्नीने काहीच केले नाही. नुसती उभी राहिली. तिला असे उभे राहायची किती सवय झाली आहे, हे मला त्या क्षणी दिसले.

मी पायरी उतरून खाली आलो आणि म्हणालो, “आई, असं बोलू नकोस. हे त्यांच्याकडचं नाही.” पण माझा आवाज जन्माचा बारीक. लाजेने तो आणखी बारीक झाला. आईने ऐकून न ऐकल्यासारखे केले. नलू माझ्या ओठांकडे पाहत होती.

“अप्पा, काय म्हणालात? मला नाही ऐकू आलं. मोठ्यानं बोला ना.”

मी पुन्हा म्हणालो. तिने मान हलवली आणि कानामागे हात धरला. “अजून मोठ्यानं.”

तिला ऐकू जावे म्हणून मला ओरडावे लागले. आळीतले बोलणे थांबले. मी ओरडून म्हणालो, “नलू, हा आजार तुझ्या मामाचा नाही. तुझ्या आईच्या माहेरचा नाही. हा माझा आहे, माझ्या वडिलांचा आहे. मला ठाऊक होतं. मी डॉक्टरांशी खोटं बोललो. त्यात तुझे कान गेले. मला क्षमा कर, बाळ. भाऊसाहेब, तुम्ही मला क्षमा करा. सुशीला, मी तुझा अपराधी आहे. मला क्षमा कर.”